मानवी वाहक प्रथिने आणि यीस्ट: एका पद्धतीचा आढावा

माणसाच्या पेशीपटलातून साखर, अमिनो आम्ले, आयन आणि औषधे यांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांमध्ये एकट्या एसएलसी कुळाचेच चारशेहून अधिक सदस्य आहेत. रचना ठरवायची तर शुद्ध प्रथिन मिलिग्रॅमच्या मापात हाती असावे लागते, आणि शरीरात बहुतेक वाहक अगदी तुरळक असतात. म्हणून पहिल्या रचना निसर्गानेच मुबलक दिलेल्या प्रथिनांच्या निघाल्या. २००० साली सशाच्या स्नायूतील कॅल्शियम पंप आणि मानवी रक्तपेशीतील अ‍ॅक्वापोरिन-१ हा पाण्याचा मार्ग, २००३ साली गायीच्या हृदयातील एडीपी-एटीपी वाहक. उरलेल्यांसाठी परक्या पेशीला कामाला लावणे भाग होते. ई. कोलायमध्ये मानवी वाहक बहुधा नीट घडी न पडता गुठळ्या होऊन बसतात. त्या प्रयत्नांवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

यीस्टमध्ये दोन घराणी महत्त्वाची. पहिले बेकरीतले सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्यात जनुक गॅल-१ प्रवर्तकाच्या ताब्यात ठेवले की गॅलॅक्टोज मिळताच उत्पादन सुरू होते. दुसरे पिचिया पास्टोरिस. फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने १९७०च्या दशकात मिथेनॉलवर वाढणारे हे यीस्ट पशुखाद्यातील प्रथिनांसाठी हाताळले. तो व्यवसाय फळला नाही, पण मिथेनॉल दिसताच जागा होणारा एओएक्स-१ प्रवर्तक जीवशास्त्राला मिळाला. २००५ साली दोन्ही घराण्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. सशाचा कॅल्शियम पंप सॅकरोमायसिसमध्ये तयार करून त्याची रचना काढण्यात आली, तर रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेने उंदराचा केव्ही १.२ हा पोटॅशियम चॅनल पिचियात घडवला. २००९ साली उंदराच्या पी-ग्लायकोप्रोटीनची रचनाही पिचियातून आली.

मानवी प्रथिनांच्या बाबतीत सर्वांत सलग आणि समाधानकारक काम झाले ते अ‍ॅक्वापोरिनांवर. गोथेनबर्गच्या संशोधकांनी मानवी अ‍ॅक्वापोरिन-१ पिचियात वाढवले, तेव्हा एका लिटर संवर्धनामागे ९० मिलिग्रॅम प्रथिन मिळाल्याचे त्यांनी २००७ साली नोंदवले. पटल प्रथिनांच्या जगात हा आकडा विलक्षण आहे. त्यानंतर त्यांनी मानवातील तेराही अ‍ॅक्वापोरिने त्याच यीस्टमध्ये पारखली. एकाच कुळातली, जवळपास सारख्याच घडणीची ही प्रथिने. तरी काहींचे उत्पादन उदंड निघाले, काहींचे जेमतेम. एका वाहकाचे अपयश पाहून अख्ख्या पद्धतीवर शिक्का मारू नये, हे या कामाने दाखवून दिले. २००८ साली अ‍ॅक्वापोरिन-५ची रचना २.० अँगस्ट्रॉमपर्यंत उकलली. चार उपघटकांच्या मधोमध असलेल्या पोकळीत एक मेदरेणू अडकलेला त्यात स्पष्ट दिसला. २०१४ साली अ‍ॅक्वापोरिन-२ची रचना आली. मूत्रपिंडात पाणी परत शोषणारे हे प्रथिन बिघडले की रोगी दिवसभर पाणी पितो आणि तितकेच बाहेर टाकतो. त्या बिघाडामागची उत्परिवर्तने प्रथिनात नेमकी कुठे बसतात, हे आता बोट ठेवून दाखवता येते. २०१८ साली सॅकरोमायसिसमध्ये घडवलेल्या अ‍ॅक्वापोरिन-१०ने आणखी एक गोष्ट उघड केली: आम्लता वाढली की त्याचा ग्लिसरॉलचा मार्ग उघडतो, पाण्याचा मात्र तसाच राहतो.

पद्धतीचा खरा कणा म्हणजे पारख. वाहकाच्या शेपटीला हिरवे चमकणारे जीएफपी जोडायचे, ही युक्ती डेव्हिड ड्रू आणि सहकाऱ्यांनी २००७-०८ मध्ये सॅकरोमायसिससाठी पद्धतशीर मांडली. संवर्धनाची प्रकाशीय घनता ०.६च्या आसपास आली की दोन टक्के गॅलॅक्टोज घालायचे आणि साधारण बावीस तासांनी पेशी गोळा करायच्या. चमक मोजली की उत्पादन कळते. मग पटले डिटर्जंटमध्ये विरघळवून ते द्रावण जेल स्तंभातून सोडायचे आणि चमकेचा आलेख पाहायचा. एकच उंच, सममित शिखर आले तर प्रथिन निरोगी. सुरुवातीलाच पसरट ढीग आला तर प्रथिन गोळा झालेले. कावाते आणि गुओ यांनी २००६ साली सुचवलेल्या या चाचणीमुळे शुद्धीकरणाच्या खटाटोपाआधीच निकाल लागतो. उंदीर आणि गाय यांच्या ग्लूट-५ या फ्रुक्टोजवाहकाची २०१५ सालची रचना याच वाटेने आली.

त्याहून मोलाची आहे ती कार्याची कसोटी. सॅकरोमायसिसमधील वीस किंवा अधिक साखरवाहक जनुके काढून टाकलेला एक वाण १९९९ साली जर्मनीत तयार झाला. तो माल्टोजवर वाढतो. ग्लुकोजच्या थाळीवर मात्र त्याची वसाहत उमटत नाही. त्यात कामाचा मानवी ग्लुकोजवाहक घातला की त्याच थाळीवर पांढरे ठिपके उमटतात. मानवी ग्लूट-१ त्यात मूळ रूपात काम करत नव्हता. प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदलल्यावर पेशी ग्लुकोजवर वाढू लागल्या. जी पेशी प्रथिन घडवते तीच त्याची परीक्षा घेते, असा योग दुसऱ्या फारशा यजमानांत साधत नाही.

पुढचे टप्पे परिचित आहेत. यीस्टची जाड भिंत काचेच्या मण्यांनी किंवा दाबयंत्राने फोडायची, पटले अतिवेगी अपकेंद्रकात खाली बसवायची, डोडेसिल माल्टोसाइडमध्ये विरघळवायची आणि निकेल स्तंभावर प्रथिन धरायचे.

यीस्टविरुद्ध दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. पहिला असा की त्याच्या पटलात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असते. त्यावर कोलेस्टेरॉल बनवणारे यीस्टचे वाण उत्तर देतात. पहिला २०११ सालीच प्रसिद्ध झाला. दुसरा आक्षेप मॅनोज साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा. पिचियात त्या तोकड्या असतात, आणि साखर बसण्याची जागा बदलून किंवा विकराने कापून त्या टाळता येतात.

२०१३ नंतर क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मानवी एचईके पेशींना यजमान म्हणून पुढे आणले. अनेक उपघटकांच्या, साखरेने मढलेल्या मोठ्या प्रथिनांसाठी ती निवड योग्यच आहे. परंतु त्यावरून यीस्टचा जमाना सरला, असे सांगणारे घाई करतात. अनेक एसएलसी वाहक जेमतेम पन्नास किलोडाल्टनचे, पटलाबाहेर फारसे न डोकावणारे. सूक्ष्मदर्शकाला ते धरता यावेत म्हणून प्रतिपिंडांचा आधार द्यावा लागतो, आणि ती प्रतिपिंडे मिळवायला पुन्हा मिलिग्रॅमांचाच हिशेब येतो. वाहतुकीचा वेग मोजण्यासाठीही भरपूर प्रथिन हवेच.

अलीकडे रचना आधी आणि कार्य जमल्यास नंतर, अशी घाईची रीत रूढ होत चालली आहे. वसाहत उमटते की नाही हे थाळीवर पाहण्याचे शिक्षण मागे पडते, हे शास्त्राचे नुकसान आहे. भारतात तर या विद्येचा पाया तयार आहे. हैदराबादमध्ये १९९७ पासून हिपॅटायटिस-बीची लस पिचियात बनू लागली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची तीच लस मिथेनॉलवर वाढणाऱ्या हॅन्सेन्युला या यीस्टमध्ये. किण्वनाचे कौशल्य असलेल्या देशातील प्रयोगशाळांनी मानवी पेशींसाठीच्या महागड्या माध्यमांची वाट पाहू नये. नवा मानवी वाहक हाती आला की पहिली चाचणी यीस्टमध्येच घ्यावी.