सैल संघातून राज्यघटनेकडे



१९४६ साली तलासरीहून एखादा माणूस पायी निघाला असता आणि दोन-तीन दिवस चालला असता, तर त्याला चार सत्तांच्या हद्दी लागल्या असत्या. डहाणू-तलासरीचा मुलूख मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजांच्या अमलाखाली. पूर्वेकडच्या डोंगरांत शिरले की जव्हार संस्थान, तिथे मुकणे राजांचे राज्य. उत्तरेला धरमपूर, तेही संस्थान. आणि मध्येच शिवेला शीव लागून नगर हवेली व पलीकडे समुद्रकाठी दमण. तिथे पोर्तुगिजांचा झेंडा. माणसे मात्र सगळीकडे तीच. वारली इकडे, वारली तिकडे. सोयरीक हद्द बघून होत नव्हती. वाघदेवालाही हद्द नव्हती.

आज तलासरीतली बहीण उंबरगावला दिलेली असली, तर भाऊ भाऊबीजेला सरळ उठून जातो. उंबरगाव १९६० पासून गुजरात राज्यात आहे, याची त्याला वाटेत आठवणही होत नाही. हे आपोआप घडले, असे आपण धरून चालतो. पण १९४६ साली दिल्लीत जी योजना मांडली गेली होती, ती तशीच पुढे गेली असती, तर गोष्ट फार निराळी झाली असती. एका सैल संघाची ती योजना होती. ती मागे पडून मजबूत राज्यघटना कशी आली, आणि त्याचा आपल्या पाड्यावरच्या माणसाशी काय संबंध, हे आज पाहू.

प्रथम सैल संघ म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. गावात विहीर खणायची ठरते. सगळे चावडीवर जमतात, माना डोलावतात, वर्गणी ठरते. पुढे काय होते? ज्याला वाटले तो देतो, ज्याचे पंचाशी वाकडे तो देत नाही. पंचाच्या हाती विनंतीखेरीज काही नसते. विहीर अर्धी राहते. राज्यांचा सैल संघ अगदी असाच असतो. मध्यवर्ती सरकार नावाला असते, पण ते कर बसवत नाही, घटक राज्यांकडे पैसे मागते. त्याचा हुकूम राज्यांना जातो, रयतेपर्यंत पोहोचत नाही. राज्याने ऐकले तर ठीक, नाही तर राहिले.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. डहाणूहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसा. वाटेत वसई लागते. त्या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. त्या वेळचे मराठी राज्य म्हणजे शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, गायकवाड अशा सरदारांचा संघ होता. पेशवा त्यांचा वडीलधारा. पण फौज ज्याची त्याच्याजवळ, वसूल ज्याचा त्याच्याजवळ. नाना फडणीस १८०० साली वारले आणि सांधणारा माणूसच उरला नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ हडपसरला होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा मोड केला. पेशवा कोकणात उतरून वसईला आला, आणि इंग्रजांची फौज पदरी ठेवण्याचे कबूल करून बसला. तिच्या खर्चासाठी वर्षाला सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. ज्या सरदारांच्या जिवावर राज्य उभे, त्यांना विचारलेदेखील नाही!

पुढचे तर अधिकच उद्बोधक आहे. १८०३ साली शिंदे आणि भोसले लढायला उभे राहिले. होळकर बाजूला बसून पाहत राहिले. गायकवाड आधीच इंग्रजांच्या बाजूला गेले होते. सप्टेंबरात असईला आणि नोव्हेंबरात अडगावला पराभव झाला. मग १८०४ मध्ये होळकर एकटे लढले. पाळीपाळीने लढले, पाळीपाळीने हरले. १८१८ साली सगळेच संपले. शाळेच्या पुस्तकांत या सर्वाचा दोष बाजीरावाच्या भित्रेपणावर टाकतात. तो भित्रा होता, यात शंका नाही. परंतु त्याच्या जागी शूर माणूस असता, तरी त्याच्या हाती स्वतःचा खजिना किती होता आणि सरदारांवर हुकमत किती होती, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात विचारण्याजोगा आहे.

अमेरिकेलाही हाच धडा मिळाला, पण तिने तो वेळेवर घेतला. इंग्रजांपासून सुटलेल्या तेरा राज्यांनी १७८१ मध्ये सैल संघ केला. त्यांच्या काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. आयात मालावर शेकडा पाच जकात बसवू द्या, असे तिने विनवले. तर ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने १७८२ साली नकार दिला आणि सगळा बेत अडला, कारण तेराही राज्यांची संमती लागत होती. शेवटी १७८७ साली फिलाडेल्फियात बसून त्यांनी नवी घटना लिहिली. तिने मध्यवर्ती सरकारला कर बसवण्याचा अधिकार दिला आणि त्याचा कायदा थेट नागरिकाला लागू केला. एक गोष्ट मात्र तिने केली नाही. माणूस विकत घेण्याची गुलामगिरी तिने तशीच राहू दिली. ती १८६५ साली, मोठे यादवी युद्ध झाल्यावर, गेली. हे ध्यानात ठेवा. याच्याकडे परत यायचे आहे.

आता १९४६. इंग्रज जाणार हे ठरले होते. १६ मे रोजी ब्रिटिश सरकारच्या तीन मंत्र्यांच्या मंडळाने भारतासाठी योजना जाहीर केली. तीत मध्यवर्ती सरकारकडे तीनच खाती होती : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण, आणि त्यांच्यापुरता पैसा उभारण्याचा अधिकार. बाकीचे सर्व प्रांतांकडे. प्रांतांचे तीन गट व्हायचे. संस्थानांनी जेवढे अधिकार सोडले तेवढे संघाचे, उरलेले संस्थानिकांचे. देश एक राहावा, मुस्लिम लीगनेही यात यावे, म्हणून ही तडजोड होती. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली, तीही या चौकटीतच. पंडित नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावातसुद्धा शेष अधिकार घटक राज्यांकडेच ठेवलेले होते. त्याच चर्चेत १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोलले; त्यांनी मजबूत केंद्र हवे, १९३५ च्या कायद्यातल्यापेक्षाही मजबूत हवे, असे स्पष्ट सांगितले. त्या दिवशी ते बहुमताचे मत नव्हते.

या योजनेकडे जरा डहाणूच्या बाजूने पाहा. इथे त्या वेळी काय चालले होते? आदिवासींकडून जमीनदार वेठ घेत होते, म्हणजे फुकट राबवून घेत होते. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघे सावकाराच्या घरी बांधली जात. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटायचे नाही, आणि गडी सुटायचा नाही. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सरकारला अहवाल दिला, त्यात हे सारे नमूद आहे. अहवाल दप्तरात राहिला. मग २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. गोदाताईंनी पुढे हा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. शिक्षकांनी तो अवश्य वाचावा.

तेव्हा प्रश्न असा, की सैल संघ झाला असता आणि मुंबई सरकारने वेठबंदीचा कायदा केलाही असता, तरी तो जव्हारच्या हद्दीत लागू झाला असता काय? नसता. धरमपुरात? नसता. जव्हार संस्थान सुमारे ३१० चौरस मैलांचे. तरी वेठ हा विषय काही संरक्षण, परराष्ट्र किंवा दळणवळण यांत येत नव्हता. तिथला राजा चांगला असता तर रयतेचे नशीब. आणि हिंदुस्थानात संस्थाने होती साडेपाचशेच्या वर.

३ जून १९४७ रोजी फाळणी जाहीर झाली आणि ज्या तडजोडीसाठी सैल संघ पत्करला होता, ती तडजोडच उरली नाही. घटना समितीच्या केंद्रीय अधिकार समितीचे अध्यक्ष नेहरूच होते. त्यांनी ५ जुलैच्या अहवालात साफ कळवले, की आता दुबळे केंद्र ठेवणे देशाला घातक होईल. शांतता राखायची, निर्वासितांना सांभाळायचे, धान्य पुरवायचे, तर केंद्राला हातपाय हवेत. तिकडे सरदार पटेलांनी संस्थाने सामील करून घेतली. आधी त्या तीनच विषयांपुरता करार झाला, आणि मग विलीनीकरण. जव्हार आणि धरमपूर १९४८ साली मुंबई प्रांतात आले. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे मते मागून लोकसभेवर निवडून गेले. नगर हवेली १९५४ मध्ये आणि दमण १९६१ मध्ये सुटले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा मांडला. भारताला ‘राज्यांचा संघ’ का म्हटले, हे त्यांनी त्या दिवशी समजावून सांगितले. हा संघ राज्याराज्यांनी आपसात करार करून झालेला नाही. म्हणून करार मोडून बाहेर पडण्याचा हक्क कोणत्याच राज्याला नाही. २६ जानेवारी १९५० पासून घटना अमलात आली. तिच्या सातव्या अनुसूचीत कामाची वाटणी केली होती. केंद्राकडे ९७ विषय, राज्यांकडे ६६, दोघांकडे मिळून ४७. आणि यादीत नसलेले सर्व केंद्राकडे. १९४६ च्या तीन खात्यांशी हे ताडून पाहा.

आपल्या भागाला ज्या कलमाने खरा हात घातला, ते कलम २३. माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीची मजुरी यांना या कलमाने मनाई केली, आणि मोडणारा गुन्हेगार ठरवला. अमेरिकेच्या घटनेने जे जवळजवळ आठ दशके मागे ढकलले, ते आपल्या घटनेने पहिल्या दिवशी लिहिले. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे आहे कलम ३५, ज्याच्याकडे कोणी फारसे बघत नाही. या गुन्ह्याला शिक्षा काय, हे ठरवण्याचा अधिकार त्याने फक्त संसदेला दिला. राज्यांच्या विधिमंडळांना दिलाच नाही. कारण उघड आहे. जमीनदारांचे जिथे वजन, तिथे शिक्षा दोन रुपये दंडावर आली असती.

मात्र कलम लिहिल्याने गडी सुटला, असे समजू नये. संसदेने वेठबिगार पद्धत रद्द करणारा कायदा करायला १९७६ साल उजाडले. म्हणजे सव्वीस वर्षे गेली. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीसुद्धा कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. हा निकाल तलासरीच्या मजुराला गुजरातेत कामाला गेल्यावरही तसाच लागू आहे. पावसाळा संपला की वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाण्यासाठी उचल घेणाऱ्यांनी एवढे तरी पक्के लक्षात ठेवावे : उचल घेतली म्हणून माणूस गहाण पडत नाही.

मजबूत केंद्राचा धाकही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. राज्याच्या सीमा बदलायच्या तर कलम ३ प्रमाणे संसद बदलू शकते. राज्याचे मत विचारावे लागते, संमती लागत नाही. १९६० साली उंबरगाव तालुका तोडला तो असाच. गावे गुजरातेत गेली, राहिलेल्या गावांचे तलासरी झाले. १९७५ ची आणीबाणी आपण पाहिली. राज्य सरकारे बरखास्त करण्याला सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली लगाम घातला. २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके गेले आणि घोलवडचा चिकू विनाअडथळा उत्तरेकडे जाऊ लागला. तो कर ठरवणाऱ्या परिषदेत केंद्राचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश ठेवले आहे. ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. कुणा एकाचे चालत नाही.

आणि घटनेतच पाचवी अनुसूची आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे संपूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा लागू होणार नाही, किंवा फेरफार करून लागू होईल, असे राज्यपाल जाहीर करू शकतात. आदिवासींच्या जमिनी दुसऱ्याच्या घशात जाऊ नयेत म्हणून नियम करू शकतात. १९९६ च्या पेसा कायद्याने यापुढे एक पायरी जोडली. त्यात गाव म्हणजे महसुली दप्तरातले गाव नव्हे, तर जिथे लोक एकत्र राहून आपला कारभार आपल्या रीतीने चालवतात ती वस्ती. महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियम केले. एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव आणि स्वतःची ग्रामसभा हवी असेल, तर पाड्यातल्या मतदारांनी जमून तसा ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. ठरावाचा मसुदा लिहून देणे, एवढे काम शाळेतल्या गुरुजींना सहज करता येईल.