बशीत पिकतं बीज!

काळ्या-पांढऱ्या संकरित गाईला लांब, लोंबत्या कानांचं तांबूस गीर वासरू झालं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवाल? ठेवा, कारण असं खरंच घडतं! ती गाय वासराला नऊ महिने पोटात वाढवते, पण बीज असतं दुसऱ्याच, गीर गाईचं. त्यापासून बनलेल्या गर्भाचा पहिला आठवडा जातो प्रयोगशाळेतल्या छोट्याशा बशीत.

कशाला एवढा खटाटोप? गाय साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते आणि बहुतेक वेळा एकच बीज सोडते. म्हणजे वर्षाला जेमतेम एक वासरू. पण तिच्या बीजकोशांत जन्मापासूनच हजारो बीजं असतात! त्यातली काही पशुवैद्य सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत बारीक सुईनं अलगद ओढून घेतात.

केवढं असतं हे बीज? मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग! सूक्ष्मदर्शकाखाली एक गोल दिसतो आणि त्याला चहूबाजूंनी बिलगलेल्या पुष्कळ पेशी. पण ते अजून कच्चं असतं. मला सगळ्यात नवल वाटतं ते इथेच: कच्चं बीज बशीत पिकवता येतं! गाईच्या अंगात साडेअडतीस अंश सेल्सिअस ऊब असते, तेवढीच इन्क्युबेटरमध्ये राखायची. पोषक द्रवाचा थेंब, त्यात संप्रेरकं, आणि थेंब सुकू नये म्हणून वर तेलाचा थर. साधारण 24 तासांत त्या बिलगलेल्या पेशी पिंजलेल्या कापसासारख्या फुलून येतात. गाईच्या पेशीत 60 गुणसूत्रं असतात ना? बीज त्यातली निम्मी एका इवल्या गोळीत भरून बाहेर टाकतं, कारण 30 वळूकडून यायची असतात. गोळी दिसली, की बीज पिकलं!

वळूचं वीर्य बारीक कांडीत भरून, उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेलं असतं. कांडी कोमट पाण्यात धरली, की शुक्राणू पुन्हा वळवळू लागतात. पण बीजात शिरायची ताकद एरवी त्यांना गाईच्या शरीरात गेल्यावर येते. बशीत ती यावी म्हणून हेपॅरिन नावाचा पदार्थ घालतात. मग एक शुक्राणू आत शिरतो आणि बाकीच्यांना मज्जाव!

पुढे एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ… सातव्या दिवशी पेशींचा पोकळ गोळा तयार. सगळी बीजं इथवर पोचत नाहीत. दहातली तीन-चार पोचली तरी छान. तो गर्भ मग दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवतात.

शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेलं पहिलं वासरू म्हणजे व्हर्जिल, 1981 मध्ये अमेरिकेत. त्याचं बीज मात्र गाईच्या पोटातच पिकलं होतं. बशीत पिकवलेल्या बीजाची वासरं त्यानंतरची. आणि या तंत्रानं झालेलं म्हशीचं जगातलं पहिलं पिल्लू कुठलं? आपल्याच देशातलं! हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत ते 1990 मध्ये जन्मलं. नाव ठेवलं ‘प्रथम’.

गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांना वीर्यकांड्यांची नायट्रोजन टाकी दाखवायला सांगा. हात मात्र लावायचा नाही हं!