सुंतेनंतरचे दहा दिवस



रात्रीचे दोन वाजलेले असतात. रडून रडून थकलेलें बाळ नुकतेंच झोपलेलें असतें. आई दुपटें बदलावयास घेते, आणि दिव्याच्या उजेडांत तिला जखमेवर पिवळट थर दिसतो. "पू झाला!" सारें घर जागें होतें. आजी हळदीचा डबा काढते, बाप पायांत जोडे घालूं लागतो, आणि 'कोणाकडून करून घेतलें?' हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडीं येतो. कोल्हापुरांत काय किंवा इतरत्र काय, सुंता झालेल्या बाळाच्या घरीं अशी एखादी रात्र येतेच. त्या आईला जें आधींच कोणीं सांगावयास हवें होतें, परंतु विषय संकोचाचा म्हणून राहून गेलें, तें आज सांगावयाचें आहे. सुंता करावी कीं करूं नये, हा वाद मी येथें काढीत नाहीं.

आपल्याकडे ती मुख्यत्वें दोन समाजांत धर्मविधि म्हणून होते. मुसलमान समाजांत तिला खतना म्हणतात. वय ठरलेलें नाहीं. कोणी पहिल्या कांहीं दिवसांत उरकतात, कोणी मूल चारपांच वर्षांचें होईपर्यंत थांबतात. पूर्वीं हें काम बहुधा न्हाव्याकडे असे. आतां शहरांतील पुष्कळ कुटुंबें इस्पितळांत जातात. दुसरा समाज कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांचा. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वांचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले, भाषा गेली, तरी शनिवारची विश्रांति आणि आठव्या दिवसाची सुंता त्यांनीं सोडली नाहीं. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले.

आतां त्या पिवळ्या थराकडे वळूं. कोपर खरचटलें तर त्यावर कोरडी तपकिरी खपली धरते. शिश्नाग्राची त्वचा मात्र नाजूक व ओलसर. तेथें खपली धरते ती ओलीच, पिवळसर सायीसारखी. तोंड आलें असतां बऱ्या होत चाललेल्या फोडावर जो थर दिसतो, त्याच जातीची ही साय. ती साधारण दुसऱ्या दिवशीं दिसूं लागते आणि आठदहा दिवसांत आपोआप जाते. ती पुसून काढणें म्हणजे खपली उचकटणें. घाबरलेली माणसें कापसानें नेमकें तेंच करतात. मग रक्त येतें, आणि भीतीला आधार सांपडतो! खरा पू ओळखावयाचा तो वेगळ्या खुणांनीं. पहिले दोन दिवस लाली व सूज असणारच. त्यानंतर ती रोज कमी झाली पाहिजे. ती वाढत पोटाकडे पसरूं लागली, दुर्गंधि आली, दाट स्राव वाहूं लागला, तर मात्र सकाळची वाट पाहूं नये. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाईट किंवा अधिक ताप आला, तर दुसरें कांहीं लक्षण नसलें तरी त्याच रात्रीं डॉक्टरांना दाखवावें.

रक्ताची गोष्ट अधिक गंभीर. पहिल्या दिवशीं दुपट्यावर रुपयाच्या नाण्याएवढा डाग दिसला तर चिंता नको. रक्त झिरपतच राहिलें तर स्वच्छ गॉज ठेवून बोटानें हलका पण सतत दाब द्यावा, घड्याळ लावून दहा मिनिटें. मध्यें उचलून पाहूं नये. पाहिल्याशिवाय राहवत नाहीं हें खरें, पण दर वेळीं नुकती धरलेली गांठ सुटते. तेवढ्यानें थांबलें नाहीं तर दाब तसाच ठेवून इस्पितळ गांठावें. तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगांत सारें रक्त असतें सुमारें अडीचशें मिलिलिटर, म्हणजे लहानसा पेलाभर. जाड दुपट्यांत त्यांतलें किती मुरलें हें वरून कळत नाहीं.

कांहीं मुलांचें रक्त गोठतच नाहीं. यहुद्यांच्या तालमूद ग्रंथांत गॅलिलीतील चार बहिणींची हकीकत आहे. तिघींचे मुलगे सुंतेनंतर दगावले. चौथी आपला मुलगा घेऊन आली तेव्हां दुसऱ्या शतकांतील धर्मगुरूनें त्याची सुंता करूं नये असा निर्णय दिला. बाराव्या शतकांत मायमोनिडीस ह्या वैद्य-पंडितानें आणखी स्पष्ट केलें कीं, बाप निराळा असला तरी हाच नियम लागू. हिमोफिलिया आईच्या वंशाकडून येतो हें शास्त्रानें सिद्ध करण्याच्या कितीतरी आधीं, धर्मशास्त्रानें तें ओळखून विधीला अपवाद केला! म्हणून शस्त्र लावण्यापूर्वीं बाळाचे मामा, मावसभाऊ यांना रक्तस्रावाचा त्रास होता का, हें डॉक्टरांना आवर्जून सांगावें. जन्मतःच 'के' जीवनसत्त्वाचें इंजेक्शन दिलें होतें कीं नाहीं, हेंही पाहावें. नवजात बाळांत तें कमी असतें, आणि त्यावांचून रक्त नीट गोठत नाहीं. त्याच्या शोधाबद्दल डेन्मार्कचे डाम व अमेरिकेचे डॉयझी यांना १९४३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. घरीं जन्मलेलें बाळ ह्या इंजेक्शनास मुकण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट आधींच पाहावयाची. लघवीचें छिद्र टोंकाला नसून खालच्या बाजूस असेल, तर सुंता थांबवावी. अशा मुलाला कित्येक ठिकाणीं 'उपजतच सुंता झालेला' समजतात. परंतु पुढें तें व्यंग दुरुस्त करतांना तीच त्वचा सर्जनच्या उपयोगी पडते. ती कापून टाकली कीं काम अवघड होतें.

बाकी शुश्रूषा थोडी आहे. कोमट पाण्यानें धुवावें, दुपटें वारंवार बदलावें, कापड चिकटूं नये म्हणून व्हॅसलीन लावावें. चिकटलेंच तर ओढूं नये, भिजवून सोडवावें. प्लॅस्टिकची कडी बसविली असेल तर ती बहुधा आठवड्याभरांत आपण होऊन गळते. ती सरकून मागें रुतली तर डॉक्टर हवा. बारा तासांत लघवी झाली नाहीं तरीही. वेदनेसाठीं औषध वजनावर मोजून डॉक्टरांनीं द्यावें. ॲस्पिरिन कदापि नको. आणि हळद, राख, तेल, पावडर यांपैकीं कांहींही नको. आजीची माया मी जाणतों, पण चुलीच्या राखेंतून धनुर्वाताचे जंतु थेट जखमेंत जातात. गरोदर मातांस लस टोंचण्याची पद्धत रुळली, स्वच्छ बाळंतपणें वाढलीं, म्हणून २०१५ मध्यें नवजातांचा धनुर्वात आपल्या देशांतून आटोक्यांत आल्याचें जाहीर झालें. जंतु मात्र मातींत आहेतच.

दहा दिवसांनीं जखम भरते. त्यानंतर गुटगुटीत बाळांत कधीं कधीं भोवतालची त्वचा पुढें येऊन चिकटते, आणि सुंता अपुरी झाली असें घरच्यांस वाटतें. ती जोरानें मागें ओढूं नये, डॉक्टरांस दाखवावी. रात्रीं कोठें जावें असा प्रश्न पडला, तर कोल्हापूरकरांस थोरला दवाखाना ठाऊक आहेच. गांवाबाहेरच्यांनीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि जातांना भिजलेलीं दुपटीं बरोबर घ्यावींत, म्हणजे किती रक्त गेलें याचा डॉक्टरांना अंदाज येतो.