आधी देणं, मग खोल्या

नागपूरच्या महालात किंवा इतवारीत वडिलांच्या नावावरचं जुनं घर असतं. खाली आई आणि थोरला, वर धाकटा, दोघी लेकी सासरी. तेरवी आटोपली की बोलणी सुरू होतात ती खोल्यांची: वरचा मजला कोणाचा, जिन्याखालची जागा कोणाची. वडिलांच्या देण्याघेण्याची कागदपत्रं कपाटातच राहतात. हा क्रम उलटा आहे, आणि वारसांमधली कितीतरी भांडणं त्यातूनच पेटतात, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याचा क्रम सरळ आहे. माणूस गेल्यावर त्याचं कर्ज त्याच्या मालमत्तेतून फिटायचं असतं, वारसाच्या पगारातून नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५२ वसुलीला मर्यादा घालतं ती मृताकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच. मात्र त्या मालमत्तेचं काय केलं याचा हिशेब देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरता वारस स्वतः अडकतो. म्हणजे वडिलांची एफडी मोडून वाटून टाकली आणि सावकार नंतर दारात आला, तर वाटून घेणाऱ्यांचीच पंचाईत. वडिलांचं कर्ज फेडणं मुलाचं धार्मिक कर्तव्य, या आधारावर वसुली करण्याची जुनी वाट हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने, तिच्यानंतर घेतलेल्या कर्जांपुरती, बंद झाली. गृहकर्जाचं वेगळं, घरच गहाण असल्याने बोजा घरासोबत येतो, आणि ज्याने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली त्याची सुटका नाही. मुस्लिम कायद्यातही अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज आधी, वारसांचे हिस्से शेवटी. नॉमिनी असणारा पैसे उचलू शकतो, पण तेवढ्याने मालक होत नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हेच सांगितलं.

‘आई आहे तोवर हा विषय नको,’ हा सर्वांत मोठा आक्षेप. त्यामागची माया खोटी नाही, पण त्यात आईचंच नुकसान होतं. सांगलीच्या हिराबाई मगदूम यांचं प्रकरण पाहा. पती खंडाप्पा १९६० साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. दोन घरं, जमीन आणि दुकानांतल्या हिश्श्यासाठी हिराबाईंनी १९६२ मध्ये दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला एप्रिल १९७८ मध्ये. वाटा ठरला ७/२४: चौथा हिस्सा स्वतःचा, आणि पतीच्या चौथ्या हिश्श्याचा सहावा भाग. मुलींना तेव्हा प्रत्येकी १/२४ च येत होता. आज मुलीही जन्मतः सहहिस्सेदार असल्याने त्याच कुटुंबात आईसकट सहाही जणांना १/६ येईल. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे दीक्षाभूमीच्या या शहरात मुद्दाम सांगायला हवं. आईचं नाव आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वेळेत चढणं हा तिच्या हक्काचा अंत नव्हे, त्याची नोंद आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा: ‘आम्ही इथे राहिलो, दवाखाना केला, घरटॅक्स भरला, मग सगळ्यांना सारखं कसं?’ केवळ राहण्याने हिस्सा वाढत नाही, कारण एका सहमालकाचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. पण त्याने सामायिक घरासाठी भरलेला टॅक्स, चुकवलेले हप्ते, बदललेलं छप्पर यांना हिशेबात जागा आहे. हा खर्च पावत्यांसह देण्याच्या यादीत लिहावा आणि हिस्से पाडण्याआधी भागवावा. सेवेची किंमत पावतीत मावत नाही, हे खरं. तिच्यासाठी बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर ते तिने स्वखुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने करावं. तेरवीच्या गर्दीत पुढे केलेल्या कागदावर सही घेऊन नव्हे. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्यावर असेल तर तिथली नोंदही बदलावी लागते.

एवढं करूनही जमलं नाही, तर १८९३ चा विभाजन कायदा आहे. घराचे सोयीचे तुकडे पडत नसतील तर निम्मे किंवा त्याहून जास्त हिस्से असलेल्यांच्या मागणीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं, आणि राहणाऱ्या भावाला ठरलेल्या किमतीत विक्री मागणाऱ्यांचे हिस्से विकत घेण्याची परवानगी मागता येते. तेव्हाही पहिला प्रश्न हाच निघतो की घरावर बोजा किती.