रिकामं घर कशाला तापवायचं?
ब्रिटनमध्ये हिवाळ्यात परगावी जाताना अनेकजण गॅस बॉयलर नेहमीसारखाच चालू ठेवतात. गारठलेलं घर पुन्हा तापवायला जास्त गॅस जळतो, ही त्यामागची समजूत. ती चुकीची आहे. घरातली उष्णता किती वेगाने बाहेर जाते, हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर 5 अंश असताना आत 20 ऐवजी 10 अंश राखले, तर गळती साधारण एक तृतीयांशावर येते. परतल्यावर भिंती तापवायला लागणारी उष्णता म्हणजे घर थंड होत असताना न जाळलेलाच गॅस; मधल्या दिवसांतली कमी गळती ही निव्वळ बचत. मात्र कडाक्याच्या थंडीत बॉयलर पूर्ण बंद करू नये. पाइपांतलं पाणी गोठताना प्रसरण पावतं, पाइप फुटतात आणि दुरुस्तीचा खर्च गॅसच्या बचतीहून कितीतरी मोठा होतो. तेव्हा थर्मोस्टॅट खाली आणणंच शहाणपणाचं.