चालते पाय, साफ पोट

वाशिम जिल्ह्यात आज सत्तरी ओलांडलेल्या अनेकांचे आयुष्य वावरात गेले. वखरणी, डवरणी, निंदण, सोंगणी या कामांत दिवसभर चालणे, वाकणे, उठणे घडत असे. वेगळ्या व्यायामाची गरजच भासत नसे. पुढे गुडघे थकतात, शेती मुले सांभाळू लागतात आणि ज्येष्ठांचा दिवस खाटेवर सरू लागतो. मग आहार तोच असूनही दोन-तीन दिवस शौचास होत नाही. संकोचामुळे ही गोष्ट घरात कोणी बोलत नाही. रात्रीच्या चूर्णाची मात्रा मात्र वाढत जाते.

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मल कठीण होणे, कुंथावे लागणे, पोट साफ झाल्याचे समाधान न वाटणे, अशा तक्रारी काही महिने टिकल्या तर ती जुनाट बद्धकोष्ठता समजावी. मोठ्या आतड्याच्या आकुंचनाने मल पुढे सरकतो. ही गती मंदावली की मल आत रेंगाळतो, त्यातील पाणी अधिक शोषले जाते आणि तो आणखी कठीण होतो. चालण्याने आतड्याच्या हालचालीस चालना मिळते. पोटाचे स्नायू बळकट राहिल्यास मलविसर्जनासही मदत होते.

व्यायाम आणि आतडे यांच्या संबंधाचा अभ्यास महाराष्ट्रात फार पूर्वी झाला आहे. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब कमी होतो, हे प्रयोगाने दाखवले. तथापि, नौली किंवा उड्डियान ज्येष्ठांनी स्वतःहून करू नये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी तर ते टाळावेच. त्यांच्यासाठी साधे चालणेच उत्तम.

जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांनाही आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. दहा-दहा मिनिटे दिवसातून तीनदा, असे पाच दिवस चालले की हे प्रमाण पूर्ण होते. आरंभ पाच मिनिटांनी करावा. विदर्भातील उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वीच चालून यावे.

वेळही महत्त्वाची आहे. सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर आतडे अधिक क्रियाशील असते. म्हणून चहा-न्याहारीनंतर थोडे चालून शौचास बसावे. जोर करू नये, दहा मिनिटांहून अधिक बसू नये. कमोड वापरत असल्यास पायांखाली लहान पाट ठेवावा; गुडघे कमरेपेक्षा वर आल्याने मलविसर्जन सुलभ होते.

ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांनी भक्कम खुर्चीत बसून गुडघे आळीपाळीने दहा-दहा वेळा उचलावेत. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीचा एकेक गुडघा काळजीवाहकाने हळुवारपणे पोटाकडे न्यावा. खुब्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास प्रथम डॉक्टरांना विचारावे.

व्यायामाने अनेकांच्या तक्रारी कमी होतात. मात्र फरक जाणवण्यास काही आठवडे लागतात आणि सर्वांनाच सारखा लाभ होतो असे नाही. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, फळे आणि पुरेसे पाणी यांची जोड हवीच. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लोह, कॅल्शियम, काही वेदनाशामके व रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळेही मलावरोध होतो. तरीही औषध परस्पर बंद करू नये. सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

मलातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, उतारवयात शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल, यांपैकी काही आढळल्यास तपासणी लांबवू नये. पोट फुगून तीव्र वेदना किंवा उलट्या होत असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. अंथरुणावरील रुग्णास बरेच दिवस शौच न होता अचानक पातळ मल झिरपू लागला, तर तो जुलाब समजून औषध देऊ नये. आत मल घट्ट अडकल्याचे ते लक्षण असू शकते.

काळजीवाहकांनी ज्येष्ठांना हा प्रश्न मोकळेपणाने विचारावा आणि रोज दहा मिनिटे त्यांच्यासोबत चालावे. सोबत असली की पडण्याची भीती कमी होते आणि नेमही टिकतो.