देवासची टेकडी : दोन बहिणी, दोन पात्या

आम्हां भोपाळकर मराठी भाविकांना देवास काही दूर नाही. इंदूरच्या वाटेवर सुमारे १५० कि.मी. अंतर. देवीचा वास ते देवास, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. नगरीच्या माथ्यावरील टेकडीवर श्री तुळजाभवानी (थोरली माता) व श्री चामुंडा (धाकटी माता) ही दोन जागृत स्थाने आहेत.

आख्यायिका अशी की, या दोघी बहिणींत एकदा वाद झाला. रागाच्या भरात थोरली पाताळात शिरू लागली, तर धाकटी टेकडी उतरून निघाली. हनुमंत व भैरवनाथ यांनी विनवणी केल्यावर दोघी होत्या त्याच स्थितीत थांबल्या. तोवर थोरल्या मातेचे कमरेखालील अंग पाताळात गेले होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

इतिहास पाहता नवल वाटते. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजीराव व जिवाजीराव पवार या बंधूंनी येथे राज्य स्थापिले. पुढे त्याच्याही थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. एकाच नगरीत दोन राजे, दोन कारभार! ही वाटणी १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत टिकली. टेकडी मात्र, आमच्या मते, दोन्ही पात्यांच्या प्रजेला सारखीच आपली वाटत आली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ मध्ये खाजगी सचिव असलेले इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथास या टेकडीचेच नाव दिले.

एकाच मातेचे दर्शन घेऊन परतू नये, अशी येथील रीत आहे. दोघींच्या दर्शनानंतर भैरवनाथांचेही दर्शन अवश्य घ्यावे.